हार्पर्स फेरीचा जॉन ब्राउन

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या पूर्व भागात पोटोमॅक आणि शेनँडोआ या दोन नद्या डोंगरांच्या रांगेतून वाट काढीत एकमेकींना येऊन मिळतात. त्यांच्या संगमावर, दोन्ही पात्रांच्या बेचक्यात, हार्पर्स फेरी नावाचे एक चिमुकले गाव वसलेले आहे. आज त्याची लोकवस्ती तीनशेच्याही आत आहे. परंतु या गावातून फिरताना पावलोपावली एखादा स्मृतिस्तंभ, एखादी कोरीव शिळा किंवा धातूचा फलक दृष्टीस पडतो. कोठे लढाईची हकीकत लिहिलेली आहे, कोठे महापुराचे पाणी किती चढले होते त्याची खूण केलेली आहे. या सर्वांमध्ये एक छोटीशी विटांची इमारत आहे. एके काळी तेथे आगीचे बंब ठेवीत असत. राजवाडा नव्हे, किल्ला नव्हे, साधा बंबखाना! तरीही दूरदूरचे लोक तो पाहण्यास येतात. कारण इ. स. १८५९ मध्ये त्या बंबखान्याच्या दाराआड एक वृद्ध मनुष्य मूठभर सोबत्यांसह अखेरपर्यंत झुंजला. त्याचे नाव जॉन ब्राउन.

जॉन ब्राउनचा जन्म ९ मे १८०० रोजी कनेटिकट संस्थानातील टॉरिंग्टन या गावी झाला. त्याचा बाप ओवेन ब्राउन कातडी कमावण्याचा धंदा करीत असे. घरची स्थिती बेताचीच होती. जॉन पाच वर्षांचा असताना हे कुटुंब पश्चिमेकडे ओहायो प्रांतात राहावयास गेले. तो भाग त्या वेळी घनदाट अरण्याने व्यापलेला होता. तेथे जॉन गुरे राखण्यास, घोड्यावर बसण्यास व रानावनांतून एकट्याने हिंडण्यास शिकला. शाळेत त्याचे मन फारसे रमले नाही. मात्र थोरांची चरित्रे व इतिहास वाचण्याची आवड त्याला लागली. बायबल तर त्याला जवळजवळ मुखोद्गत होते. तो आठ वर्षांचा असताना त्याची आई वारली. या दुःखाचा घाव त्याच्या मनावर इतका खोल बसला की, पुढे कित्येक वर्षे तो भरून आला नाही.

त्या काळी अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांत गुलामगिरीची चाल राजरोस सुरू होती. आफ्रिकेतून धरून आणलेल्या कृष्णवर्णीय लोकांच्या वंशजांना गोरे जमीनदार गुरांप्रमाणे विकत घेत व विकत असत. कापसाच्या व तंबाखूच्या मळ्यांत सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबणे, मालकाने दिले तेवढे खाणे आणि चुकले की फटके सोसणे हेच त्यांचे आयुष्य. आईपासून मूल आणि नवऱ्यापासून बायको तोडून विकण्यास कायद्याची आडकाठी नव्हती. गुलामाला लिहिणे-वाचणे शिकविणे हा कित्येक संस्थानांत गुन्हा मानला जाई. ओवेन ब्राउनला या चालीचा मनापासून तिटकारा होता. पळून आलेल्या गुलामांना तो आपल्या घरी आसरा देई. त्यामुळे गुलामगिरी हे पाप आहे, हे जॉनने लहानपणापासून ऐकले होते. पण ऐकणे वेगळे आणि डोळ्यांनी पाहणे वेगळे. ते पाहण्याचा प्रसंग तो बारा वर्षांचा असताना आला.

इ. स. १८१२ मध्ये अमेरिका व इंग्लंड यांच्यात युद्ध सुरू झाले. जॉनचा बाप सैन्याला गुरे पुरवीत असे. शंभराहून अधिक मैलांच्या वाटेवरून गुरांचे कळप हाकीत नेण्याचे काम हा बारा वर्षांचा मुलगा एकटा करू लागला. अशाच एका प्रवासात तो एका जमीनदाराकडे मुक्कामाला उतरला. जमीनदाराने त्याचे मोठे कौतुक केले. एवढ्या लहान वयात हा मुलगा किती धीट आणि किती हुशार, असे म्हणून त्याने त्याला आपल्या पंगतीला बसविले व आल्यागेल्यास त्याची ओळख करून दिली. त्याच घरात जॉनच्याच वयाचा एक गुलाम मुलगा होता. तो जॉनपेक्षा कोणत्याही गुणात उणा नव्हता. परंतु त्याच्या अंगावर धड कपडे नव्हते, पोटाला पुरेसे अन्न नव्हते आणि कडाक्याच्या थंडीत निजावयास ऊब नव्हती. जॉनचे गोडवे गाणारा तोच जमीनदार जॉनच्या देखत त्या मुलाला लोखंडी फावड्याने मारीत असे. जॉनच्या मनात विचारांचे काहूर उठले. आपल्याला आई नाही, तरी पाठीशी बाप आहे. या मुलाला कोण आहे? त्याच्यासाठी धाव घेणारे जगात कोणीच नसावे काय? या प्रश्नाने त्याची पाठ जन्मभर सोडली नाही. पंचेचाळीस वर्षांनंतर एका लहान मुलाला लिहिलेल्या पत्रात त्याने हा प्रसंग सांगितला आहे.

मोठेपणी जॉनने बापाचाच धंदा उचलला. पेनसिल्व्हेनियातील एका रानवट भागात त्याने कातडी कमावण्याचा कारखाना काढला. तेथे रस्ते बांधण्यात, शाळा काढण्यात त्याने पुढाकार घेतला. त्याचा संसार मोठा होता. पहिल्या बायकोच्या मृत्यूनंतर त्याने दुसरे लग्न केले. दोघींची मिळून त्याला वीस अपत्ये झाली. त्यांपैकी कित्येक बालपणीच दगावली. एकदा तर थोड्याच दिवसांच्या अंतराने चार मुले साथीत गेली. धंद्यातही त्याला यश लाभले नाही. जमिनीच्या व्यवहारात तो बुडाला व १८४२ मध्ये त्याचे दिवाळे निघाले. पुढे त्याने लोकरीचा व्यापार केला. तोही तोट्यात गेला. व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले तर पन्नाशी गाठेपर्यंत तो एक अपयशी मनुष्य होता. पण त्याच्या अंतर्यामी एक निर्धार दिवसेंदिवस पक्का होत होता.

त्याचे कारण असे घडले. मिसिसिपी नदीच्या काठी ऑल्टन नावाचे गाव आहे. तेथे इलायजा लव्हजॉय नावाचा पत्रकार गुलामगिरीविरुद्ध लिहीत असे. गुलामगिरीच्या कैवाऱ्यांनी त्याचे छापखाने एकामागून एक मोडून टाकले. तरी तो खचला नाही. नोव्हेंबर १८३७ मध्ये आपल्या नव्या छापखान्याचे रक्षण करीत असता जमावाने त्याला गोळी घालून ठार केले. ही बातमी कळताच ओहायोतील हडसन गावी प्रार्थनामंदिरात शोकसभा भरली. अनेकांची भाषणे झाली. जॉन ब्राउन मागच्या बाजूस मुकाट्याने बसला होता. सभा संपत आली तेव्हा तो उठला, त्याने आपला उजवा हात वर केला आणि गुलामगिरी नष्ट करण्यासाठी आपले उरलेले आयुष्य वाहिल्याची शपथ घेतली. एवढे बोलून तो खाली बसला.

ही शपथ तो बोलण्यापुरती घेऊन थांबला नाही. न्यूयॉर्क संस्थानातील एका धनवान व उदार गृहस्थाने आपली रानातील जमीन गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांना वाटून दिली होती. परंतु तेथील हवा कडक, जमीन खडकाळ आणि वस्ती नवखी होती. त्या लोकांना शेती शिकविण्यासाठी व जमिनीची मोजणी करून देण्यासाठी १८४९ मध्ये जॉन ब्राउन आपले बिऱ्हाड घेऊन नॉर्थ एल्बा येथे त्यांच्या शेजारी राहावयास गेला. त्याच्या घरी कृष्णवर्णीय पाहुणे कुटुंबातील माणसांबरोबर एकाच मेजावर जेवीत. तो त्यांना सन्मानाने, आडनावाने हाक मारी. त्या काळी गुलामगिरीचा निषेध करणारे पुष्कळ गोरे होते. परंतु काळ्या माणसाला आपल्याशेजारी बसवून घेणारे फार थोडे होते. ब्राउनचे वेगळेपण त्याच्या या वागणुकीत होते.

इकडे देशाचे वातावरण तापत चालले होते. १८५० मध्ये सरकारने एक कठोर कायदा केला. उत्तरेकडील मुक्त संस्थानांत पळून आलेल्या गुलामालाही धरून परत मालकाच्या हवाली करावे, असे त्या कायद्याने ठरविले. १८५४ मध्ये कॅन्सस या नव्या प्रदेशात गुलामगिरी असावी की नसावी हे तेथील वसाहतवाल्यांनी ठरवावे, असा आणखी एक कायदा झाला. लगेच दोन्ही बाजूंचे लोक हत्यारे घेऊन कॅन्ससमध्ये शिरले. ब्राउनचे पाच मुलगे तेथे शेतीसाठी गेले होते. १८५५ मध्ये तोही जाऊन पोहोचला. पुढील वर्षी मे महिन्यात गुलामगिरीच्या पुरस्कर्त्यांनी लॉरेन्स हे गाव लुटले व जाळले. त्याने ब्राउनच्या क्रोधाचा भडका उडाला. त्यानंतर तीनच दिवसांनी पॉटवॉटमी ओढ्याच्या काठी रात्रीच्या अंधारात त्याच्या टोळीने विरुद्ध पक्षाच्या पाच माणसांना घरातून बाहेर ओढून तलवारीने ठार मारले. त्या घरांतील बायकामुलांवर त्या रात्री काय प्रसंग ओढवला असेल याची कल्पनाच केलेली बरी! ब्राउनच्या चरित्रावरील हा रक्ताचा डाग पुसून टाकता येत नाही. त्याची स्तुती करणाऱ्यांनाही या ठिकाणी थांबावे लागते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ओसावॉटमी येथील चकमकीच्या दिवशी त्याचा मुलगा फ्रेडरिक मारला गेला. एका हिंसेतून दुसरी हिंसा कशी जन्मते, याचे हे दारुण उदाहरण होय.

१८५८ च्या डिसेंबर महिन्यात एक गुलाम ब्राउनचा शोध घेत आला. आपल्याला, बायकोला व मुलांना लवकरच विकून टाकणार आहेत, तेव्हा आम्हांला वाचवा, अशी त्याने विनवणी केली. ब्राउनने मिसूरी संस्थानात शिरून अकरा गुलामांना सोडविले. या धाडीत त्याच्या साथीदारांच्या हातून एक मालक मारला गेला. भर हिवाळ्यात, बर्फातून, पाठलाग चुकवीत, हजार मैलांहून अधिक अंतर तोडून त्याने त्या लोकांना कॅनडात पोहोचविले. कॅनडात गुलामगिरी नव्हती. वाटेत त्यांतील एका स्त्रीला मूल झाले. म्हणजे निघाली अकरा माणसे आणि स्वातंत्र्याच्या भूमीवर उतरली बारा! त्या बाळाचे नाव जॉन ब्राउन असेच ठेवण्यात आले.

पण दहा-बारा माणसांना सोडविल्याने त्याचे समाधान कसे व्हावे? त्या वेळी अमेरिकेत जवळजवळ चाळीस लक्ष माणसे गुलामगिरीत पिचत होती. त्याने एक धाडसी बेत आखला. हार्पर्स फेरी येथे सरकारचा शस्त्रांचा कारखाना व शस्त्रागार होते. तेथे सुमारे एक लक्ष बंदुका साठविलेल्या असत. ते शस्त्रागार हस्तगत करावे, आसपासच्या गुलामांना हत्यारे द्यावीत, डोंगरांच्या आश्रयाने दक्षिणेकडे सरकत जावे व गुलामगिरीचा पायाच उखडून टाकावा, असा तो बेत होता. गुलाम म्हणून जन्मलेला व पुढे थोर वक्ता आणि लेखक झालेला फ्रेडरिक डग्लस हा ब्राउनचा स्नेही होता. ब्राउनने त्याला एका ओसाड दगडखाणीत गुप्तपणे भेटून आपला बेत सांगितला. डग्लसने त्याला परोपरीने समजाविले. नद्यांनी व डोंगरांनी वेढलेले ते गाव म्हणजे पोलादी सापळा आहे, आत गेलेला बाहेर येणार नाही, असे त्याने सांगितले व स्वतः येण्याचे नाकारले. ब्राउनने मात्र आपला निश्चय बदलला नाही.

हार्पर्स फेरीपासून पाच मैलांवर त्याने एक शेतघर भाड्याने घेतले व स्मिथ हे खोटे नाव धारण केले. हळूहळू त्याचे एकवीस साथीदार तेथे जमले. त्यांत सोळा गोरे व पाच कृष्णवर्णीय होते. ब्राउनचे तीन मुलगेही त्यांत होते. सर्वांत करुण कहाणी डेंजरफील्ड न्यूबी या कृष्णवर्णीय साथीदाराची होती. तो स्वतः मुक्त झाला होता, पण त्याची बायको व मुले व्हर्जिनियात गुलामच होती. त्यांना विकत घेऊन सोडविण्यासाठी त्याने पैसे साठविले; ते पुरे पडेनात. बायको पत्रांमागून पत्रे पाठवीत होती. मला दुसरीकडे विकण्याआधी काहीही करून सोडवून ने, असे तिने त्याला विनविले होते. ती पत्रे खिशात ठेवूनच न्यूबी या मोहिमेवर निघाला.

१६ ऑक्टोबर १८५९ चा रविवार होता. रात्री तीन साथीदारांना शेतघरी मागे ठेवून ब्राउन अठरा जणांसह निघाला. अंधारात पूल ओलांडून त्यांनी तारायंत्राच्या तारा तोडल्या व बंदुकीची एक गोळीही न झाडता शस्त्रागार ताब्यात घेतले. काही जमीनदारांना ओलीस धरून आणले. त्यांत जॉर्ज वॉशिंग्टनच्या घराण्यातील एक गृहस्थ होता. येथवर सर्व बेताप्रमाणे झाले. मग आगगाडी आली. स्टेशनावर सामान उचलणारा हेवर्ड शेपर्ड काय चालले आहे ते पाहण्यासाठी पुलाकडे गेला आणि ब्राउनच्या माणसांच्या गोळीला बळी पडला. दैवाचा खेळ पाहा! गुलामांच्या मुक्तीसाठी आरंभिलेल्या मोहिमेत पहिला प्राण गेला तो एका निरपराध, स्वतंत्र, कृष्णवर्णीय हमालाचा. पुढे पहाटे ब्राउनने ती आगगाडी सोडून दिली. तिने छाप्याची बातमी सगळ्या देशात पोहोचविली.

सोमवारी सकाळी गावकरी व आसपासच्या पलटणी बंदुका घेऊन धावल्या. पूल अडविले गेले. गुलामांचे थवेच्या थवे येऊन मिळतील ही ब्राउनची आशा फोल ठरली. बहुतेकांना या बेताचा पत्ताच नव्हता. डग्लसचे शब्द खरे झाले. न्यूबी सर्वांआधी पडला. गावाचा वृद्ध महापौरही गोळी लागून मरण पावला. ब्राउन उरलेल्या साथीदारांसह व ओलिसांसह बंबखान्यात शिरला व त्याने दारे बंद केली. त्याचा मुलगा ऑलिव्हर त्याच्यासमोरच रात्रभर तळमळत मरण पावला. दुसरा मुलगा वॉटसन प्राणांतिक जखमी झाला होता. एका हाताने मरणाऱ्या मुलाची नाडी पाहावी व दुसऱ्या हाताने बंदूक धरावी, अशा स्थितीतही ब्राउनचे धैर्य ढळले नाही, हे त्याच्या ओलिसांनीच पुढे सांगितले. मंगळवारी, १८ ऑक्टोबरच्या सकाळी, कर्नल रॉबर्ट ली याच्या आज्ञेने आरमारी शिपायांनी एका जड शिडीचा धक्का देऊन दार फोडले. तलवारीचे वार बसून ब्राउन खाली कोसळला व कैद झाला. त्याच्या टोळीतील दहा जण ठार झाले, पाच निसटले. ब्राउनसह उरलेल्या सात जणांना पुढे फाशी झाली.

जवळच्या चार्ल्स टाउन येथे त्याच्यावर राजद्रोह, खून व गुलामांना बंडास चिथावणे या आरोपांखाली खटला चालला. जखमांमुळे तो खाटेवर पडूनच न्यायालयात हजर राहत असे. मला वेड लागले होते असे सांगून प्राण वाचविण्याची सूचना पुढे आली. ती त्याने धुडकावली. २ नोव्हेंबरला शिक्षा सांगितली गेली तेव्हा तो शांतपणे बोलला. हेच कृत्य आपण श्रीमंतांसाठी केले असते तर लोकांनी त्याला बक्षीस दिले असते, पण ते दीनदुबळ्यांसाठी केले म्हणून तो अपराध ठरला, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. त्यानंतरचा एक महिना त्याने तुरुंगात पत्रे लिहिण्यात घालविला. ही पत्रे वर्तमानपत्रांत छापून आली आणि त्याच्या बंदुकांनी जे झाले नाही ते त्याच्या लेखणीने केले. उत्तरेकडील हजारो लोकांची मने हेलावली. सुटकेसाठी तुरुंग फोडण्याचा मित्रांचा बेतही त्याने मान्य केला नाही. २ डिसेंबर १८५९ रोजी त्याला फाशी देण्यात आले. या पापी देशाची शुद्धी रक्तपाताशिवाय होणार नाही, असे आता आपल्याला वाटते, अशा अर्थाची एक चिठ्ठी त्याने त्या सकाळी पहारेकऱ्याच्या हाती दिली होती. त्याचा देह नॉर्थ एल्बा येथील शेतात पुरण्यात आला.

ती चिठ्ठी खरी ठरली. दीड वर्षाच्या आतच, एप्रिल १८६१ मध्ये, उत्तर व दक्षिण यांच्यात यादवी युद्ध पेटले. ब्राउनला पकडणारा रॉबर्ट ली दक्षिणेचा सेनापती झाला. उत्तरेचे शिपाई जॉन ब्राउनच्या नावाचे गीत गात कूच करू लागले. हार्पर्स फेरीची तर दुर्दशाच झाली. ज्या शस्त्रागारासाठी छापा पडला, ते युद्धाच्या पहिल्याच आठवड्यात जाळण्यात आले. चार वर्षांत ते गाव आठ वेळा या हातातून त्या हातात गेले. सप्टेंबर १८६२ मध्ये दक्षिणेचा सरदार जॅक्सन याने भोवतालच्या टेकड्यांवर तोफा चढवून उत्तरेच्या सुमारे साडेबारा हजार सैनिकांना शरण आणले. फाशीच्या दिवशी पहाऱ्यावर असलेल्यांत हाच जॅक्सन होता! युद्धात सहा लक्षांहून अधिक सैनिक प्राणांस मुकले. शेवटी डिसेंबर १८६५ मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती होऊन अमेरिकेतील गुलामगिरी कायमची बंद झाली.

आता त्या गावातील स्मारकांची कथा ऐका. कारण माणसाचे चरित्र त्याच्या मृत्यूबरोबर संपत नाही. १८६२ च्या लढाईची हकीकत सांगणारे धातूचे फलक तेथे आहेत. बंबखान्याच्या मूळ जागेवरून पुढे रेल्वेचा बांध गेला. म्हणून ती जागा दाखविण्यासाठी रेल्वे कंपनीने १८९५ मध्ये तेथे एक दगडी स्तंभ उभारला. खुद्द बंबखान्याच्या नशिबी मोठी भटकंती आली. १८९१ मध्ये तो विटाविटांनी उतरवून शिकागोच्या जागतिक प्रदर्शनासाठी नेला. तेथे दहा दिवसांत जेमतेम अकरा प्रेक्षक आले. १८९५ मध्ये तो परत आणून गावाबाहेरच्या एका शेतात उभारला. मुक्त झालेल्या गुलामांच्या शिक्षणासाठी गावात स्टोरर कॉलेज निघाले होते. त्या कॉलेजने तो १९०९ मध्ये विकत घेऊन आपल्या आवारात आणला आणि १९१८ मध्ये त्याच्या माजी विद्यार्थ्यांनी त्यावर एक स्मृतिफलक बसविला. १९६८ मध्ये तो मूळ जागेच्या अगदी जवळ येऊन स्थिर झाला.

१९०६ मध्ये डु बॉइस या विद्वान कृष्णवर्णीय नेत्याने हार्पर्स फेरी येथे एक परिषद भरविली. गुलामगिरी गेली तरी कृष्णवर्णीयांना मताचा व समान वागणुकीचा हक्क मिळाला नव्हता. तो मिळविण्याचा निर्धार त्या परिषदेत झाला. एके दिवशी पहाटे हे सर्व प्रतिनिधी त्या बंबखान्याच्या दर्शनाला गेले. जवळ येताच त्यांनी पायांतील जोडे काढले व अनवाणी चालत ते पुढे गेले. आपण देवळात शिरताना करतो तेच त्यांनी केले.

परंतु सर्वांचे मत एक नव्हते. १९३१ मध्ये दक्षिणेच्या सैनिकांच्या वंशजांच्या संस्थांनी हेवर्ड शेपर्ड याच्या नावाने एक शिळा उभारली. बिचाऱ्या शेपर्डचे स्मरण करण्यात गैर काहीच नव्हते. परंतु त्या शिळेवर असा भाव कोरला होता की, गुलाम आपल्या मालकांशी इमानी होते. जणू त्यांना स्वातंत्र्य नकोच होते! त्या समारंभात स्टोरर कॉलेजातील संगीताची एक शिक्षिका न बोलावता उठून उभी राहिली व आपले वडील गुलामांच्या मुक्तीसाठी लढले होते, असे तिने सर्वांसमक्ष निर्भयपणे सांगितले. पुढच्याच वर्षी, १९३२ मध्ये, डु बॉइस व त्याचे सहकारी ब्राउनच्या गौरवाचा एक फलक घेऊन आले. पण त्यातील शब्द फार कडक आहेत असे म्हणून कॉलेजच्या चालकांनी तो लावू दिला नाही. तो फलक अखेर २००६ मध्ये, म्हणजे चौऱ्याहत्तर वर्षांनी, त्या आवारात बसविण्यात आला. शेपर्डची शिळाही काढून टाकलेली नाही; तिच्याजवळ तिचा इतिहास सांगणारी पाटी लावली आहे.

याचा अर्थ असा की, दगडावर कोरलेले प्रत्येक अक्षर सत्यच असते असे नाही. शिळा कोणी उभारली, केव्हा उभारली आणि तिच्यावर कोणाचे नाव गाळले आहे, हेही पाहावे लागते. न्यूबीच्या बायकोचेच पाहा. नवरा मारला गेल्यावर तिला दूर लुइझियानात विकून टाकण्यात आले. तिने वाट पाहत काढलेले दिवस कोणत्या स्तंभावर लिहावेत?

हार्पर्स फेरी आपल्यापासून हजारो मैल दूर आहे. तरी तेथे जे घडले त्याचा ध्वनी महाराष्ट्रापर्यंत येऊन पोहोचला होता. १८७३ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक लिहिले. गुलामांच्या मुक्तीसाठी निःस्वार्थ बुद्धीने झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना त्यांनी ते अर्पण केले आणि त्यांचा कित्ता आपल्या देशबांधवांनी गिरवावा, अशी इच्छा व्यक्त केली. माणसाने माणसाला हीन लेखणे हे पाप कोणत्याही देशात सारखेच, हे त्यांनी ओळखले होते.

जॉन ब्राउनचा मार्ग सर्वांना पटणारा नाही. त्याच्या तलवारीने निरपराधांचेही रक्त सांडले, हे विसरता कामा नये. डग्लसने वाणीने आणि लव्हजॉयने लेखणीने तेच कार्य केले. परंतु बारा वर्षांच्या वयात दुसऱ्या एका मुलाच्या पाठीवर बसलेला घाव ज्याने आपल्या काळजावर जपून ठेवला आणि त्या अनाम मुलासाठी ज्याने आपले घर, आपले मुलगे व अखेर आपले प्राण वेचले, त्या माणसाच्या कळवळ्याविषयी शंका घेता येणार नाही. फावड्याचा मार खाणाऱ्या त्या मुलाचे नाव इतिहासाला ठाऊक नाही. त्याचे स्मारक कोठेही नाही. जॉन ब्राउनचे आयुष्य हेच त्याचे स्मारक होय.